शेअरचे पैसे घेतले, शेअर दिलेच नाहीत

पुण्यात सोसायट्यांना भाजी घरपोच देणाऱ्या एका स्टार्टअपमध्ये माझ्या भाऊजींच्या ग्रॅच्युइटीतले ९ लाख अडकले आहेत. तीच मंडळी आता नव्या नावाने नाशिककडे बैठका घेतायत असं कळलंय, म्हणून हे लिहितोय.

भाऊजींना सांगितलं होतं, कंपनीचे शेअर मिळतील आणि वर दरमहा २ टक्के. पाणी इथेच मुरत होतं. शेअर घेणारा नफ्या-तोट्यात वाटेकरी असतो, त्याला ठरावीक परताव्याची हमी देताच येत नाही. पहिले काही महिने १८ हजार नियमित आले. मग ‘फंडिंग अडकलंय’ सुरू झालं आणि फोन उचलणं बंद.

ताईने कागद माझ्याकडे दिले. सादरीकरणात वर्षाची विक्री अडीच कोटी, त्यावर कंपनीचं कमिशन १५ टक्के. म्हणजे साडेसदतीस लाख तरी उत्पन्न हवं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून कंपनीचे वार्षिक हिशेब काढले, तर त्यात उत्पन्न १४ लाख! भरणा झालेलं भागभांडवल, म्हणजे दिलेल्या शेअरपोटी जमा झालेली रक्कम, अजूनही १ लाखच. भाऊजींचे पैसे शेअर म्हणून कुठे नोंदलेलेच नाहीत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ प्रमाणे पैसे घेतल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत.

आता धंद्याचाच हिशेब बघा. ३०० रुपयांच्या ऑर्डरवर कमिशन ४५. डिलिव्हरीवाल्याला ४०, पॅकिंग ८, कूपनची सूट ५०. एका ऑर्डरमागे ५३ रुपये खिशातून. ‘ऑर्डरी वाढल्या की भागेल’ म्हणायचे, पण हे तिन्ही खर्च प्रत्येक ऑर्डरबरोबर वाढतात, मग भागणार कसं? असा तोटा सोसून मोठ्या झालेल्या कंपन्या आहेत, हे मान्य. त्यांनी निदान सूट कधी थांबणार आणि त्यानंतर किती गिऱ्हाईक टिकेल याचे आकडे मांडलेले असतात. इथे ते विचारणाऱ्याला ग्रुपमधून काढून टाकलं.

कंपनी दाखवत असलेल्या गिऱ्हाईक सोसायट्यांच्या यादीतल्या एका सोसायटीत मी स्वतः गेलो. वॉचमन म्हणाला, "ती हिरवी गाडी होय? दिवाळीपासून फिरकली नाही." यादीत मात्र तिथली रोजची ऑर्डर चालूच होती.

केंद्र सरकारच्या ‘स्टार्टअप इंडिया’ मान्यतेचं प्रमाणपत्र ते सगळ्यांना दाखवायचे. कृपा करून त्यावर जाऊ नका. ते अर्ज केल्यावर मिळतं, धंदा चालेल याची ती हमी नाही.

आम्ही आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार दिली आहे. ठरावीक परताव्याचं आश्वासन लेखी असल्यामुळे ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा लावावा, अशी आमची मागणी आहे. त्यात संचालकांची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद आहे. तुमचेही पैसे तिथे असतील तर करारपत्र, बँकेचं स्टेटमेंट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज जपून ठेवा, आणि ‘पैसे मिळाले’ अशा कुठल्याही कागदावर सही करू नका. सध्या तसे कागद घेऊन त्यांची माणसं घरोघरी फिरतायत.