आइस फिशिंगचा पंचावन्न डॉलरचा सेट: पर्च माशाच्या मागे दहा महिने

तीन आठवड्यांपूर्वी इथे कॅनडात, ऑरिलियाच्या धक्क्यावर रीलचं हँडल सुटून माझ्या हातात आलं. ते जिथे आत स्क्रू होतं तिथले आटे पार झिजले होते. वॉरंटी एक वर्षाची, वापर दहा महिन्यांचा. कंपनीला तीन ईमेल केल्या. उत्तर आलं की रॉडसकट सगळा सेट स्वखर्चाने पाठवा, मग बघू. कुरिअरचे 24 डॉलर होतात आणि सेट मी 55 ला घेतला होता!

रागातच लिहायला बसलोय, पण हँडलपेक्षा माझी मोठी तक्रार लाईनला, म्हणजे गळाच्या दोरीला, पडणाऱ्या पिळाची आहे. ती दुकानात कुणी सांगत नाही.

सेट नेहमीचाच: 28 इंची अल्ट्रालाइट रॉड, छोटं स्पिनिंग रील, वर आधीच भरलेली, चार पौंड ताण सोसणारी मोनो (एकपदरी नायलॉनची) लाईन. जानेवारीत सिम्को तलावाच्या दक्षिण टोकाला, कुक्स बेमध्ये, पहिल्यांदा बर्फावर नेला. पहिले दोन आठवडे मी याला पाचपैकी पाच दिले असते, ते रॉडच्या मऊ टोकासाठी. यलो पर्च झटका देत नाही. आमिष तोंडात शोषून घेतो, पटलं नाही की तितक्याच पटकन थुंकतो, आणि जाड हातमोज्यातल्या बोटांना काही कळत नाही. हे टोक मात्र तांदळाच्या दाण्याइतकं तरी हलतंच. कधी वाकलेलं टोक उलट सरळ होतं. तेव्हा माशाने जिग (वजन लावलेला छोटा गळ) खालून वर उचललेला असतो.

फेब्रुवारीत तंबूत पालथा पडून, डोक्यावर जॅकेट घेऊन बर्फात पाडलेल्या भोकातून खाली पाहिलं. आठ-नऊ फूट पाणी, तळाशी शेवाळ्यासारखं गवत. अंगावर काळे उभे पट्टे आणि पोटाखाली नारिंगी पर असलेले सहा-सात पर्च जिगपाशी येत होते, पाहत होते आणि वळत होते. कारण जिग भिंगरीसारखा गरगरत होता. स्पिनिंग रीलचा स्पूल स्थिर असतो आणि तारेची कडी त्याच्याभोवती फिरून लाईन गुंडाळते. प्रत्येक वेढ्यागणिक लाईनला पीळ बसतो. मोठा मासा, जड वजन असेल तर फरक पडत नाही. दीड-दोन ग्रॅमच्या जिगवर मात्र तो पीळ सगळा उतरतो. जिग स्थिर व्हायला मी मोजलेले पंचवीस-तीस सेकंद लागत. पर्च थव्याने येतो. एक लागला की जिग लगेच परत खाली गेला पाहिजे, नाहीतर थवा पुढे सरकतो. शिवाय अंधार पडला की पर्च खायचा थांबतो, आणि हिवाळ्याचा दिवस तेवढासा! त्या दुपारी मला चार मिळाले. शेजारच्या भोकावरच्या आजोबांनी पंचवीस पूर्ण केले. माझ्यासारखंच त्यांचंही स्वस्तातलं कॉन्झर्व्हेशन लायसन्स, त्यावर पंचवीसच चालतात. त्यांचं रील चक्रासारखं होतं, लाईन सरळ बाहेर, सरळ आत. त्यांचा जिग पाण्यात खिळ्यासारखा उभा.

तेव्हाच लिहिलं असतं तर एक स्टार दिला असता. मार्चमध्ये मत थोडं बदलावं लागलं. ती मोनो लाईन काढून टाकली, तीन पौंडी फ्लुरोकार्बन भरली आणि जिगच्या दीड फूट वर मण्याएवढं स्विव्हल (पीळ सोडवणारी फिरती कडी) बांधलं. सगळा खर्च 13 डॉलर. गरगर पूर्ण थांबली नाही, पण सात-आठ सेकंदांवर आली. पुढच्या दोन रविवारी सतरा आणि एकवीस पर्च घरी आणले. खवले इतके चिवट की मी सरळ कातडंच काढतो. हळद, मीठ, तिखट, कोकमाचं आगळ लावून रव्यात घोळवले आणि तव्यावर परतले. गोड्या पाण्यातल्या माशाला नाक मुरडणाऱ्या माझ्या रत्नागिरीच्या सासूबाईंनी तिसऱ्यांदा ताट पुढे केलं, तेव्हा खूप बरं वाटलं.

बर्फ गेल्यावर वेगळा रॉड घ्यायचा नाही असं ठरवून हाच एप्रिलपासून धक्क्यावर नेला. सरळ खाली सोडायला 28 इंच पुरतात. दूर फेकायला अजिबात नाही, तिथे हा आखूड दांडा हातात घेऊन नुसतं पाहत बसावं लागतं. रॉडला आजवर तडा नाही, टोक तसंच मऊ.

म्हणून रॉडला साडेचार, रीलला दीड. पर्चसाठी घेणार असाल तर दुकानदाराला फक्त रॉड द्यायला सांगा आणि वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून इनलाइन रील, म्हणजे त्या आजोबांसारखं चक्राचं, घ्या. सेटच घ्यावा लागला तर पहिल्याच दिवशी मोनो उतरवा. मी हँडलला हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट लावून पाहिला, चालतोय, पण आत ओढताना खटखट आवाज येतो. चौथी ईमेल काल पाठवली आहे. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.