पिकचर: मजकूर लिहून आकृत्या काढण्याचे ८ महिने

पिकचर म्हणजे शब्दांत आज्ञा लिहून आकृत्या काढायचं संगणकावरचं साधन. आधी नावाचा घोळ. स्पेलिंग वेडंवाकडं, पण उच्चार सरळ ‘पिक्चर’. स्टाफरूममध्ये ‘रात्री पिक्चर करत बसलो होतो’ म्हटलं की कुठला सिनेमा म्हणून विचारतात. नोव्हेंबरात, गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत तर विचारूच नका.

मी गोव्यात डिचोलीला उच्च माध्यमिकात भूगोल शिकवतो. नोट्ससाठीच्या आकृत्या आधी वर्डमध्ये ओढायचो. वर एक ओळ वाढली की बाण सैरभैर. पिकचरमध्ये चित्र लिहायचं असतं. ‘बॉक्स’, खाली ‘ॲरो’, खाली पुन्हा ‘बॉक्स’, की दोन चौकोन आणि मधला बाण तयार. (हे शब्द अर्थात इंग्रजी लिपीतच टंकायचे.) ‘डाउन’ लिहिलं की पुढचं सगळं खाली उतरतं. मूळ कल्पना ब्रायन कर्निघन यांच्या ‘पिक’ या जुन्या आकृती-भाषेची, अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतली, एसक्यूलाइट हा डेटाबेस बनवणाऱ्या रिचर्ड हिप यांनी २०२० मध्ये ती नव्याने घडवली. फुकट आहे. आमच्या संगणकाच्या सरांनी लॅपटॉपवर बसवून दिलं, त्यामुळे पावसात नेट गेलं तरी अडत नाही.

अडतं ते मराठीपाशी. ‘फिट’ लिहिलं की चौकोन मजकुराच्या मापाचा व्हायला हवा. पण अक्षरांची खरी रुंदी पिकचरला ठाऊक नसते, तो अंदाज बांधतो. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं अक्षर म्हणून मोजतो. ‘क्षारता’ला मोठ्या भावाचा सदरा घातल्यासारखं दिसतं. शेवटी ‘फिट’ सोडलं आणि रुंदी हाताने द्यायला लागलो. मजकूर आपोआप दुसऱ्या ओळीवरही जात नाही. ओळी आपणच तोडायच्या, एका चौकोनात ५ पर्यंत.

तरी टिकून राहिलो ते खाजन शेतीच्या (खाऱ्या नदीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या) आकृतीमुळे. उजवीकडे नदी, मध्ये बांध, बांधात मानस म्हणजे पाण्याचं दार, पलीकडे शेत. भरतीची आकृती झाली, की तीच फाइल कॉपी करून दोनच ओळी बदलायच्या, दाराची आणि बाणाची, ओहोटी तयार. वर्गात दाखवली तर दिवाडी बेटावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, दार शेताच्या बाजूला उघडलं तर भरतीचं खारं पाणी आत येईल की! ते नदीकडे उघडतं. भरतीचं पाणीच त्याला दाबून बंद करतं.” बरोबर होतं. ओहोटीच्या फाइलमध्ये दाराच्या ओळीत ‘लेफ्ट’च्या जागी ‘राइट’ केलं, तास संपायच्या आत सुधारलेली आकृती पडद्यावर.

मांडवीची वळणं मात्र यात काढायला जाऊ नका. दोन संध्याकाळी घालवल्या, नदीची पायऱ्यांची विहीर झाली. तो नकाशा अजूनही पेन्सिलनेच काढून स्कॅन करतो.