डेबियन १३ : अपग्रेड सोपं, कंपाइल करताना मात्र उणीदुणी निघतात

निकाल आधीच सांगून टाकतो. सर्व्हर म्हणून डेबियन १३ ही लिनक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम झकास आहे. पण त्यावर तुम्ही स्वतः कंपाइल केलेला, म्हणजे सोर्स कोडवरून बांधलेला, जुना माल चालत असेल, तर आधी एखाद्या व्हर्च्युअल मशीनवर सगळं बांधून बघा आणि मगच खऱ्या सर्व्हरला हात लावा.

आमचं ऑफिस बॅलार्ड इस्टेटला, काम कस्टम्स क्लिअरिंगचं. बिलिंगचा प्रोग्रॅम सी भाषेतला, घरीच लिहिलेला, आणि लिहिणारे कधीच दुसरीकडे गेलेले. दिवाळीत निम्मं ऑफिस गावाला जातं, तेव्हा डेबियन १२ वरून १३ वर उडी मारली. पॅकेजं चढली, मशीन रीबूट झालं, डेटाबेस उठला. इथवर कौतुकच. खरी गंमत सोर्समधून प्रोग्रॅम बांधणारी 'मेक' ही कमांड चालवल्यावर सुरू झाली.

डेबियन १२ मध्ये जीसीसी या कंपाइलरची १२ वी आवृत्ती होती, १३ मध्ये थेट १४ वी आहे. फंक्शन जाहीर न करता वापरलं, तर आधीचा कंपाइलर नुसती वॉर्निंग देऊन पुढे जायचा. जीसीसी १४ तिथेच थांबतो. जाहीर न केलेलं फंक्शन, न लिहिलेला टाइप, पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आणि इंट (पूर्णांक) यांची सरमिसळ, या सगळ्या आता सरळ एरर आहेत.

आमच्याकडे पहिली ठेच लागली तारखा वाचणाऱ्या 'एसटीआरपीटाइम' या फंक्शनला. फाइलच्या डोक्यावर 'टाइम डॉट एच' ही फंक्शनं जाहीर करणारी हेडर फाइल व्यवस्थित जोडलेली, तरी कंपाइलरचं म्हणणं एकच, हे फंक्शन जाहीर नाही. कारण असं की 'जीएनयू सोर्स' किंवा 'एक्सओपन सोर्स' हा मॅक्रो (कोडच्या सुरुवातीला द्यायची खूण) ठरवलेला नसेल, तर ती हेडर फाइल हे फंक्शन दाखवतच नाही. मग जुना कंपाइलर ते इंट परत करतं असं गृहीत धरायचा. खरं तर ते पॉइंटर परत करतं, ६४ बिटांचा, आणि त्यातले वरचे ३२ बिट गळून जायचे. आमचा कोड ती किंमत शून्य आहे की नाही एवढंच बघत होता, म्हणून इतकी वर्षं निभावलं. तोच पॉइंटर कुणी पुढे वापरला असता तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे कोसळला असता. उपाय एका ओळीचा: सगळ्या इन्क्लूडच्या वर मॅक्रो ठरवायचा. खाली ठरवला तर उपयोग शून्य, हे ध्यानात ठेवा.

'एफ परमिसिव्ह' हा पर्याय देऊन या एरर पुन्हा वॉर्निंगवर आणता येतात. लोक बिनदिक्कत देतात. माझं मत विचाराल तर दुसऱ्याच्या कोडसाठी तात्पुरता चालेल, स्वतःच्या कोडसाठी नको. इतकी वर्षं लपलेली चूक फुकटात सापडते आहे, तर ती परत गादीखाली कशाला सारायची?

पण या ओरडणाऱ्या एरर परवडल्या. जास्त त्रास दिला तो मुकाट्याने झालेल्या गोष्टीने. एक जुनी मोफत लायब्ररी आम्ही सोर्समधून बांधतो. 'कॉन्फिगर' नीट चाललं, 'मेक' नीट चाललं, एक एरर नाही. चार दिवसांनी हिशेबाचे काका बिल घेऊन आले, "अरे, हा एक पैसा कुठे गेला रे?" एका पैशाने काय होतंय असं काकांना सांगायची कुणाची टाप नाही, आणि त्यांचंच बरोबर होतं.

झालं होतं असं. 'कॉन्फिगर' स्क्रिप्ट छोटे छोटे चाचणी प्रोग्रॅम लिहून ते कंपाइल करून बघते. ती स्क्रिप्ट जुन्या काळातली. आकड्यांचा मजकूर बनवणाऱ्या 'एसएनप्रिंटएफ' फंक्शनच्या तिच्या चाचणीत 'एक्झिट' वापरलं होतं, पण ते जाहीर करणारी 'एसटीडीलिब' हेडर जोडलेली नव्हती. जीसीसी १४ ने ती चाचणीच नाकारली. स्क्रिप्टने अर्थ लावला की सिस्टिमचं फंक्शन बिघडलेलं आहे, आणि लायब्ररीसोबत आलेलं स्वतःचं जुनाट फंक्शन गुपचूप वापरलं. त्याचं राउंडिंग वेगळं. हे सगळं 'कॉन्फिग डॉट लॉग'मध्ये लिहिलेलं असतं, पण बिल्ड यशस्वी झाल्यावर ती फाइल उघडतो कोण? आता मी जुन्या आणि नव्या मशीनवरच्या त्या फाइल शेजारी शेजारी ठेवतो आणि जिथे 'यस'चं 'नो' झालं असेल तिथे थांबतो. स्क्रिप्ट नव्या ऑटोकॉन्फने (अशा स्क्रिप्ट बनवणाऱ्या साधनाने) पुन्हा तयार केली तरी बरेचदा काम होतं. मात्र लेखकाने हाताने लिहिलेली चाचणी असेल तर ती हातानेच सुधारावी लागते. आमची तशीच होती.

तिसरी गोष्ट कंपाइलरची नाहीच. डेबियन १३ मध्ये 'टीएमपी' हे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर आपोआप रॅममध्ये जातं, जास्तीत जास्त निम्म्या रॅमपर्यंत, आणि अपग्रेड केलेल्या मशीनवरही रीबूटनंतर हेच होतं. आमची बिल्ड स्क्रिप्ट तिथेच सगळं उलगडायची. सर्व्हरला रॅम बेताची, त्यात 'मेक'ला एकदम आठ कामं दिलेली, मग रॅम संपल्यावर कर्नलने (सिस्टिमच्या गाभ्याने) 'सीसी वन प्लस' हा कंपाइलरचाच भाग मारून टाकला. स्क्रीनवर फक्त 'किल्ड' दिसतं आणि माणूस कोडमध्ये दोष शोधत बसतो. आधी 'डीमेसेज' ही कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड बघा. बिल्डची जागा 'व्हार टीएमपी'त हलवली, कामं चारवर आणली, विषय संपला. 'टीएमपी डॉट माउंट' मास्क (म्हणजे बंद) करूनही जुनी पद्धत परत आणता येते, पण मला ती गरज वाटली नाही.

बाकी किरकोळ. सी प्लस प्लसमध्ये 'सीएसटीडीइंट' ही हेडर हाताने जोडावी लागली, कारण जीसीसी १३ पासून ती इतर हेडरच्या पाठीवरून आपोआप येईल याचा भरवसा उरला नाही. पायथन ३.११ वरून ३.१३ झाला, सगळी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रत्येक प्रोग्रॅमची वेगळी पायथन मांडणी) नव्याने केली. पायथनची पॅकेजं बांधणारं 'डिस्टयुटिल्स' ३.१२ मध्येच काढून टाकल्याने दोन जुन्या सेटअप फाइल बदलल्या. युनिकोड मजकूर हाताळणारी आयसीयू लायब्ररी ७२ ची ७६ झाली, त्यामुळे तिच्यावर बांधलेली जुनी बायनरी (तयार प्रोग्रॅम) नको असलेली पॅकेजं काढणाऱ्या 'ऑटोरिमूव्ह'नंतर उठेनाशी झाली. प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी 'एलडीडी' कमांड लावली की 'नॉट फाउंड' लगेच दिसतं.

तेव्हापासून सर्व्हर रोज चालतो आहे, बिलं पैशापर्यंत जुळतात, आणि अपडेटने एकदाही काही मोडलेलं नाही. डेबियनचं हे सुख आहेच. अडकलंय ते एकच मॉड्यूल, बाहेरच्या कंपनीकडून घेतलेलं, सोर्स न दिलेलं. ते डेबियन १२ च्या कंटेनरमध्ये (त्याच सर्व्हरवरच्या वेगळ्या कप्प्यात) ठेवलंय. १२ चा नेहमीचा सपोर्ट जून २०२६ पर्यंतचा, त्यापुढे एलटीएस, म्हणजे लांबवलेला सपोर्ट, जून २०२८ पर्यंत. कंपनीला फोन केला की "बघतो साहेब" एवढंच उत्तर येतं, म्हणून त्याला पर्यायी कोड मीच लिहायला घेतलाय.