पश्चिमेच्या खोलीला पीच, पिस्ता की आभाळी?

आधी निकाल सांगते. खोलीची खिडकी पश्चिमेला असेल आणि समोर झाड नसेल, तर पीच घेऊ नका. फिक्का पिस्ता घ्या. आभाळी रंग मला मनापासून आवडतो, तरी तो या खोलीत टिकला नाही.

आमचं घर आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात, स्लॅबचं. खोली दहा बाय बाराची. खिडकीबाहेर सरळ वावर आहे, त्यामुळे दुपारी तीननंतर ऊन थेट आत येतं. दिवाळीच्या आसपास याच खोलीत कापसाची गंजी लागते, उन्हाळ्यात खिडकीला कुलर बसतो आणि बाकी वर्षभर मुली तिथे अभ्यास करतात. म्हणजे रंगाला हे सगळं सोसायचं आहे.

दुकानातल्या शेड कार्डावर नखाएवढा तुकडा असतो आणि तो आपण दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पाहतो. त्यावरून चार भिंती ठरवायच्या, हे मला पटेना. म्हणून पीच, पिस्ता आणि आभाळी, तिन्ही रंगांचे इमल्शनचे (ओल्या फडक्यानं पुसता येणाऱ्या भिंतीच्या रंगाचे) छोटे डबे दुकानातल्या रंग मिसळायच्या मशीनवर बनवून आणले. पेंटरदादांनी प्रायमरवर दोन-दोन हात देऊन दोन बाय दोन फुटांचे चौकोन काढून दिले. कोऱ्या पुट्टीवर नमुना लावू नका. पुट्टी रंग पिते आणि डाग-डाग दिसतं. चौकोन एकाच भिंतीवर नको, असाही मी हट्ट धरला. खिडकीसमोरच्या भिंतीवर ऊन पडतं, पण ज्या भिंतीत खिडकी आहे तिच्यावर उजेड कधीच सरळ पडत नाही. एकच डबा, पण या दोन भिंतींवर तो दोन वेगळे रंग दाखवतो.

सकाळी तिन्ही रंग छान दिसत होते. सकाळीच ठरवलं असतं तर पीचच लागला असता, कारण मुलींना तोच हवा होता. दुपारी चारला ऊन समोरच्या भिंतीवर आलं आणि पीचचा चक्क नारिंगी झाला. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, ‘‘भिंतीले कावीळ झाली का वो बाई?’’ आणि हा तर फक्त दोन फुटांचा चौकोन! पूर्ण खोली रंगली की समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग फेकतात आणि तो आणखी गडद वाटतो. म्हणून कार्डावर जो आवडेल, त्याच्यापेक्षा एक पायरी फिकाच घ्यावा.

आभाळी रंगाशी माझं जुनं नातं आहे. चुन्यात नीळ टाकून केलेली पोताई आमच्याकडे घरोघरी असायची, आणि ते निळसर पांढरं अजून डोळ्यांत आहे. पण मावळतीच्या पिवळ्या उन्हात आभाळीचा निळेपणा मरतो आणि भिंत राखाडी, मळकी दिसते. रात्री ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीखाली तो थंडगार, परका वाटला. ३००० केल्विनचा पिवळसर बल्ब लावला तर हिरवट राखाडी. खोली पूर्वेची असती तर मी दुसरा विचार केला नसता.

पिस्ता मात्र दोन्ही भिंतींवर टिकला. संध्याकाळच्या उन्हात तो सायीकडे झुकतो, खिडकीच्या अंधाऱ्या भिंतीवर मऊ दिसतो आणि पांढऱ्या बल्बखाली जरा जास्त हिरवा होतो, पण डोळ्यांना त्रास नाही. या फिक्या पिस्त्याशिवाय एक गडद पिस्ताही लावून पाहिला होता. तो गडद पिस्ता रात्री माणसांची तोंडं हिरवट करतो. फिकाच घ्या.

‘थंड रंग लावा, खोली थंड राहते’ असं दुकानात सांगतात. डोळ्यांना बरं वाटतं हे खरं, पण पारा ४५ च्या वर गेला की आतला रंग काहीच करू शकत नाही. उष्णता स्लॅबमधून आणि पश्चिमेच्या भिंतीतून येते. तिच्यासाठी पैसे घालायचेच असतील तर स्लॅबवर पांढरा थर द्या, बाहेरच्या भिंतीला फिका रंग द्या.

डिस्टेंपर स्वस्त पडतं, पण ओलं फडकं फिरवलं की रंग फडक्यावर येतो. जिथे कापूस भरायचा आणि पलंगाशेजारी डोक्याचं तेल लागायचं, तिथे इमल्शनच हवं. तरीही कापसातली वाळलेली पाती भिंतीला घासून तपकिरी रेघा उमटतातच, म्हणून खालच्या तीन फुटांना गडद पिस्त्याचा ऑइलपेंटचा पट्टा मारून घेतला. गंजीपुरता तरी तो उपयोगी आहे, आणि दिसतोही चांगला.

मधल्या बिनखिडकीच्या खोलीत हाच पिस्ता गढूळ दिसला. तिथे सरळ हस्तिदंती लावला. फार खल केला नाही.

सासूबाईंना शेणाचा रंग हवा होता. त्यांच्या माहेरी शेणानं सारवून वर पांढऱ्या मातीचा हात द्यायचे. खादी ग्रामोद्योग आयोगाचा प्राकृतिक पेंट जानेवारी २०२१ मध्ये नितीन गडकरींच्या हस्ते बाजारात आला. शेणापासून केलेला, डिस्टेंपर आणि इमल्शन दोन्ही प्रकारांत. आमच्या दुकानात तो मिळाला नाही. ओसरीची पोताई निघेल तेव्हा त्यांच्यासाठी मुद्दाम मागवणार आहे.

आणखी एक. पूर्ण खोलीचा रंग एकाच वेळी बनवून घ्या, कमी पडला म्हणून नंतर आणलेल्या डब्यात किंचित फरक येऊ शकतो आणि तो भिंतीच्या मधोमध दिसतो. मशीनवाल्यानं डब्याच्या झाकणाला लावलेल्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. शेड नंबर, बेस (ज्या मूळ रंगात छटा मिसळतात तो), सगळं तिच्यावरच असतं.