हँड टूल्स इंपोर्ट करताय? एचएस कोडसाठी बेळगावच्या उद्यमबागेतल्या ह्या ऑफिसला जाऊन याच

बेळगाव, निपाणी, संकेश्वर ह्या पट्ट्यात पाने, पकडी, कानशी बाहेरून मागवणारे छोटे व्यापारी आता बरेच झालेत, कुणी तैवानचा माल आणतंय कुणी चीनचा, पण एचएस कोड, म्हणजे ड्यूटी ठरवायला मालाला लागणारा आकडी नंबर, तो लावायचं काम मात्र मुंबईच्या एजंटवर सोडून मोकळे, तो फोनवर सांगेल ते खरं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. ह्या कस्टम्स ब्रोकरच्या, म्हणजे आपल्या वतीनं कस्टम्सची कागदपत्रं करणाऱ्याच्या, ऑफिसला माझ्याकडनं पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पण सांगतो.

आमचं हार्डवेअरचं दुकान, गिऱ्हाईक म्हणजे फाउंड्रीवाले, गॅरेजवाले, सुतार, आणि सीझनला ऊस-द्राक्षाचे शेतकरी. आधीचा जो एजंट होता तो सगळा माल ८२०५ ('इतर हातहत्यारं') मध्ये टाकायचा. सगळा म्हणजे सगळा, पाना पण तिथंच, पक्कड पण तिथंच, रबरी हातोडा पण तिथंच. एका कन्साइनमेंटला कस्टम्सची क्वेरी आली, त्याच्याकडं द्यायला उत्तर नव्हतं, माल न्हावा शेवा बंदरात पडून राहिला आणि डिमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं भाडं, आमच्या बोकांडी. मग ओळखीच्या एका फाउंड्रीवाल्यानं इथं पाठवलं.

इथं नुसतं इन्व्हॉइस बघून कोड सांगतच नाहीत. कोडचं काम बघणाऱ्या मॅडम आहेत, त्या प्रत्येक आयटमचा फोटो मागतात, कॅटलॉगचं पान मागतात, आणि विचारतात की वस्तू नेमकं काम काय करते, हातानं चालते का मोटरवर, आणि कामाचं तोंड कशाचं आहे. हा शेवटचा प्रश्न मला कुणी कधी विचारलाच नव्हता. कस्टम्स टॅरिफच्या ८२ व्या चॅप्टरच्या (कोडचे पहिले दोन आकडे म्हणजे चॅप्टर) पहिल्याच नोटमध्ये आहे की थोडे अपवाद सोडले तर धार किंवा कामाचा भाग बेस मेटलचा (लोखंड, तांबं असे साधे धातू) नाहीतर कार्बाइड वगैरेचा पाहिजे, तरच वस्तू ह्या चॅप्टरमध्ये बसते. म्हणजे लोखंडी हातोडा ८२०५ २०, पण रबरी तोंडाचा हातोडा रबराच्या चॅप्टरमध्ये ४०१६ ला आणि लाकडी मोगरी ४४१७ ला. दुकानात तिन्ही एकाच खिळ्याला टांगलेले असतात हो!

तीच गत कात्र्यांची. द्राक्षाची छाटणी करायची एका हाताची कात्री ८२०१ ५०, दोन्ही हातांनी चालवायची असली तर ८२०१ ६०, पत्रा कापायची ८२०३ ३०, आणि शिंप्याची कात्री ८२१३. फरक का पडतो म्हणाल तर पैशात पडतो. साधा हिशोब त्यांनी कागदावर मांडून दिला: १०० रुपयाचा माल, बेसिक ड्यूटी १०% धरली तर १० रुपये, त्या १० वर सोशल वेल्फेअर सरचार्ज १०% म्हणजे १ रुपया, झाले १११, त्यावर १८% आयजीएसटी (इंपोर्टवरचा जीएसटी) १९.९८, एकूण ३०.९८ रुपये. आणि ८२०१ मधल्या हातानं चालवायच्या शेतीच्या अवजारांना जीएसटीच माफ, त्यामुळं बेसिक तेवढीच धरली तरी ११ रुपयात काम. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं हे खरं, पण आधी भरायला खिशातनंच जातात की, आणि छोट्या दुकानदाराला तेवढे पैसे अडकणं परवडत नाही.

हा फरक बघून माझ्यासमोरच एकजण म्हणालता की मग पत्र्याची कात्री पण 'गार्डन'ची दाखवू की, कुणाला कळतंय. मॅडमनी सरळ सांगितलं, शेठ, ते आमच्याकडनं होणार नाही. मला हे फार पटलं. कारण २०११ पासून सेल्फ असेसमेंट आहे, कोड आपण जाहीर करायचा आणि चुकला तर नोटीस इंपोर्टरच्या नावानं येते, एजंट नंतर फोन पण उचलत नाही.

सेटचं काम मात्र बघण्यासारखं आहे, इथंच ह्यांची खरी हुशारी दिसते. बॉक्सवर 'टूल सेट' लिहिलंय म्हणजे ८२०६ असं सगळे धरून चालतात. पण ८२०६ कधी, तर ८२०२ ते ८२०५ ह्यातल्या दोन किंवा जास्त हेडिंगची (चार आकडी कोडची) हत्यारं रिटेल विक्रीसाठी एकत्र पॅक केलेली असली तरच. पाना (८२०४), पक्कड (८२०३), स्क्रू ड्रायव्हर (८२०५) एका पेटीत असले तर होय, ८२०६. नुसते पाने आणि सॉकेट, गॅरेजवाले गोटी म्हणतात त्या, असा सेट असला तर सगळंच ८२०४ मधलं, मग ८२०६ कसं लागेल? हातोडा आणि स्क्रू ड्रायव्हर असेल तर दोन्ही ८२०५ चे, आणि त्यासाठी ८२०५ ९० मध्ये सेटचा वेगळा उल्लेखच आहे. आणि पेटीचं काय, तर त्या हत्यारांच्या मापाची खाचे पाडलेली पेटी मालासोबत आली तर मालाच्याच कोडमध्ये जाते, कोड लावायच्या नियमांतला नियम ५(अ), पण रिकामी टूलबॉक्स वेगळी मागवली की तिचा कोड वेगळा. हे सगळं मराठीत, समोर पेटी उघडून, एकेक हत्यार हातात घेऊन समजावलं. मुंबईच्या फोनवर हे होत नाही.

टॉर्क रेंचबद्दल मी मुद्दाम विचारलं, म्हटलं ते तर माप दाखवतंय, व्हर्निअरसारखं ९०१७ ला जाईल का. नाही, ८२०४ च्या मजकुरातच टॉर्क मीटर रेंच लिहिलंय. आणि त्याच ओळीत टॅप रेंच (आटे पाडायचा टॅप फिरवायचा दांडा) मात्र बाहेर काढलंय, ते ८२०५ ला. हवेवर चालणारी इम्पॅक्ट गन तर ८४६७, तिथं चॅप्टरच बदलतो.

काम झाल्यावर आयटमवार एक शीट देतात, कोड, कुठल्या नोटवरनं किंवा नियमावरनं लावला ते, आणि फोटो. आता असेसमेंट फेसलेस आहे, माल न्हावा शेवाला असला तरी फाइल तपासणारा अधिकारी दुसऱ्याच पोर्टला बसलेला असतो, त्याला तोंडी सांगायला जाता येत नाही, त्यामुळं कागदच बोलला पाहिजे. मागच्या खेपेला क्वेरी आली तेव्हा ती शीटच अपलोड केली आणि माल सुटला. एखादा आयटम खरंच वादाचा असेल आणि कायम मागवायचा असेल तर अ‍ॅडव्हान्स रुलिंग, म्हणजे कोडवर आधीच अधिकृत निर्णय, घ्या असं स्वतःहून सुचवतात, मुंबई-दिल्लीला त्याची अथॉरिटी आहे, त्यात ह्यांची बिल ऑफ एंट्रीची (इंपोर्टच्या कस्टम्स कागदाची) फी वाढत नाही तरी सांगतात.

आता अर्धा स्टार. फी आयटमवार आहे, त्यामुळं शंभर तऱ्हेचा थोडा थोडा माल आणणाऱ्याला जड जाते, एकसारख्या आयटमचं पॅकेज द्यायला पाहिजे. पोर्टवरचं काम दुसऱ्या पार्टीमार्फत करतात, तिथनं अपडेट उशिरा येतं. आणि फोनवर कोड विचारला तर सांगत नाहीत, आधी फोटो पाठवा म्हणतात, काही लोकांना राग येतो पण मला तरी ते बरोबर वाटतं.

तुम्ही फक्त एकाच टाइपच्या कानशी किंवा ब्लेड मागवत असाल तर एकदा कोड पक्का करून घ्या, बास झालं, दर वेळी जायची गरज नाही. मिक्स माल असेल तर ऑर्डर द्यायच्या आधी जा, माल जहाजावर चढल्यावर नको, कारण सप्लायरकडनं इन्व्हॉइसवर मटेरियल आणि नीट वर्णन लिहून घ्यायला तेव्हाच जमतं. जाताना सॅम्पल असेल तर सोबत न्या. शनिवारी दुपारनंतर मॅडम नसतात.