किशोर कादंबरी वाचावी की ऐकावी?

निर्णय पुस्तकाच्या घडणीवरून घ्यावा. एकच वाचक एक कादंबरी कानांनी संपवतो आणि दुसरी तिसऱ्या प्रकरणातच सोडून देतो, आणि बहुतेक वेळा कारण त्या घडणीतच असतं.

आधी वेळेचा हिशेब. इंग्रजी ऑडिओबुकमध्ये निवेदक मिनिटाला साधारण १५० ते १६० शब्द वाचतो. सरावाचा वाचक मनात २४० ते २६० शब्द वाचतो. म्हणजे ७० हजार शब्दांची कादंबरी वाचायला पावणेपाच तास, ऐकायला साडेसात. वेग सव्वापट केला की ऐकणं सहा तासांवर येतं आणि संवाद कळायला सहसा अडचण येत नाही. दीडपटीला मात्र निवेदकाने मुद्दाम घेतलेले विराम आखडतात, आणि विनोद किंवा भीती बरेचदा त्या विरामातच असते.

‘मी’ने सांगितलेली शाळा-घर-मैत्रीची समकालीन गोष्ट ऐकण्यात सरस ठरते. सोळा वर्षांच्या मुलीचा तिरकसपणा, अर्धवट तोडलेली वाक्यं, बोलीचा हेल हे चांगला आवाज जिवंत करतो. गडबड होते ती दोन निवेदक-पात्रं असलेल्या प्रेमकथेत. दोघांनाही एकच आवाज असेल, तर प्रकरणाच्या सुरुवातीचं नाव ऐकताना निसटतं आणि पुढची दहा मिनिटं कोण बोलतंय तेच कळत नाही. तिथे दोन निवेदकांची आवृत्ती घ्यावी, नाहीतर सरळ पुस्तक.

फँटसी आधी वाचावी. नकाशा, वंशावळ, बनवलेली नावं यांना डोळ्यांचा आधार लागतो. सारख्या उच्चाराची दोन नावं कानाला एकच वाटतात, आणि फक्त ऐकलेल्या नावाचं स्पेलिंग माहीत नसल्याने ते शोधताही येत नाही. शिवाय १ लाख २० हजार शब्द म्हणजे जवळजवळ तेरा तास ऐकणं. उपाय सोपा आहे: पहिली पन्नास पानं वाचायची, नावं आणि नकाशा डोक्यात बसले की उरलेलं ऐकायचं.

रहस्यकथेत कोडं असेल तर छापील पान हवं, कारण ‘चावी कोणाकडे होती?’ हे मागे जाऊन पाहावं लागतं. ‘३० सेकंद मागे’चं बटण चार प्रकरणांपूर्वीचा धागा शोधायला कुचकामी आहे. ऐकायचंच असेल तर प्रत्येक साक्षीपाशी बुकमार्क टाकावा. थरारकथा आणि भयकथा मात्र ऐकाव्यात. वाचताना नजर पानाच्या तळाशी धावते आणि धक्का आधीच कळून जातो. कानाला ती पळवाट नसते.

पद्य कादंबरीचा निवाडा सर्वांत कठीण, आणि तो दोन्ही बाजूंनी करावासा वाटतो. ओळ कुठे तुटते, पानावर किती जागा कोरी सोडली आहे, हे कानाला दिसत नाही. लय मात्र ऐकतानाच खुलते. एलिझाबेथ असेवेडो या मंचावर कविता सादर करणाऱ्या कवयित्री. त्यांची ‘द पोएट एक्स’ (२०१८) त्यांच्याच आवाजात आहे. अशी कादंबरी पुस्तक समोर उघडं ठेवून ऐकावी. पत्रं, चॅट, खोडलेल्या नोंदी अशा कागदपत्रांतून रचलेली कादंबरी मात्र वाचावीच. तिची रचना डोळ्यांसाठी केलेली असते.

वाचता वाचता ऐकायचं असेल तर वेग जुळवावा लागतो. सरावाच्या वाचकाचे डोळे मूळ वेगाच्या पुढे धावतात आणि लक्ष विस्कटतं. त्याने दीडपट लावावा. अडखळत वाचणाऱ्याने ०.८ पट ठेवावा. ऑडिओ ‘संपूर्ण’ आहे, ‘संक्षिप्त’ नाही, हे आधी पाहावं, नाहीतर परिच्छेदच्या परिच्छेद गळतात आणि पानाशी मेळ बसत नाही.

घेण्याआधी नमुना पहिला संवाद येईपर्यंत ऐकावा. वर्णन बहुतेक निवेदक नीट वाचतात. भांडणाऱ्या दोन मुलांचे आवाज डोळे मिटून वेगळे ओळखता आले, तरच ऑडिओ निवडावा.