नाशिक, मंगळ की लघुग्रहांचा पट्टा: विज्ञानकथेच्या कॅम्पेनसाठी कोणतं जग घ्यावं?

वास्तवाला धरून विज्ञानकथेचं कॅम्पेन (टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेमची अनेक बैठका, म्हणजे सेशन, चालणारी कथा) चालवायचं ठरलं की बहुतेक गेम मास्टर, म्हणजे जग उभं करून खेळ चालवणारे, आधी इंजिनं आणि यानांचे नकाशे काढायला बसतात. त्याआधी एक प्रश्न सोडवा. पात्रांपासून मदत किती लांब आहे? निरोप पोचायला किती वेळ आणि माणूस पोचायला किती, हे दोन आकडे ठरले की त्या जगातलं राजकारण, नोकऱ्या, भीती सगळं त्यातून निघत जातं. खाली तीन जगं याच दोन आकड्यांवर तोलली आहेत. रविवारी दुपारी चार-पाच खेळाडू तीन तास बसणार, एवढं गृहीत धरलं आहे.

२०९८ चं नाशिक

इथे निरोप क्षणात जातो आणि मदत मुंबईहून तीन-चार तासांत येते. हवा संपून कुणी मरणार नाही, त्यामुळे सगळा ताण माणसांमधूनच यायला हवा.

२०९८ का, तर सिंहस्थ. गुरू सिंह राशीत येतो तेव्हा नाशिक-त्र्यंबकला कुंभमेळा भरतो, आणि गुरूची सूर्याभोवतीची एक फेरी ११.८६ वर्षांची आहे. २०१५ मध्ये बारा-बारा मिळवत गेलात तर सातव्या फेरीला २०९९ येतं. प्रत्यक्षात सात फेऱ्यांना ८३ वर्षं लागतात, म्हणून २०९८. एवढासा हिशेब बरोबर असला की खेळाडू बाकीच्या जगावरही विश्वास ठेवतात. शिवाय रामकुंडाभोवतीची गर्दी पाठलागासाठी, माणूस हरवण्यासाठी, साथ पसरण्यासाठी आयती मिळते.

या जगाची मोठी सोय म्हणजे नकाशा तयार आहे. ‘द्वारका चौकात कोंडी झाली’ म्हटलं की वर्णन करायची गरज उरत नाही. अडचणही तिथेच आहे. टेबलावरचा प्रत्येक जण नाशिकचा जाणकार असतो, आणि ‘असं होणारच नाही’ या वादात अर्धा तास जातो. त्यावर उपाय म्हणजे बदल तीनच करायचे आणि ते एका कागदावर सगळ्यांसमोर ठेवायचे. उदाहरणार्थ: गंगापूर धरणात गाळ साचून साठा निम्म्यावर आलाय, पाऊस तेवढाच पडतो, पण मोजक्या दिवसांत कोसळतो, घाटातली मालवाहतूक चालकाविना चालते. बाकी जे काही सांगाल ते या तिन्हींपैकी कशातून तरी निघालं पाहिजे. चौथा बदल सुचला तर तो पुढच्या कॅम्पेनसाठी ठेवा.

संघर्ष शोधत फिरावं लागत नाही. गोदावरीच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या सूत्रात १५ ऑक्टोबर ही तारीख आहे: त्या दिवशी जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या, म्हणजे नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी खाली सोडायचं. दिंडोरी तालुक्यात वाघाड प्रकल्पाचं पाणी शेतकऱ्यांच्याच पाणीवापर संस्था वाटतात. पात्रांना अशा संस्थेचे पदाधिकारी करा, धरणाची पातळी मोजणारा सेन्सर कुणीतरी फिरवला आहे असं ठरवा, आणि कॅम्पेन १ ऑक्टोबरला सुरू करा. पंधरा दिवस, सहा सेशन, एक निर्णय.

लांब चालवायला मात्र हे जग अवघड. दहाव्या सेशननंतर विज्ञानकथा विरत जाते आणि स्थानिक राजकारण उरतं. काही गटांना तेच आवडतं, ही गोष्ट वेगळी.

मंगळावरची वसाहत

निरोप एका बाजूने ३ ते २२ मिनिटं. यान कमी इंधनाच्या मार्गाने साडेआठ महिने, आणि निघायची वेळ, म्हणजे ‘खिडकी’, साधारण २६ महिन्यांतून एकदाच येते. सिंहस्थासारखीच ही तारीखही ग्रह ठरवतात, कुणाच्या हातात नसते. खिडकी नुकतीच बंद झाली असताना पंप बिघडला तर नवा पंप यायला जवळपास तीन वर्षं. भारताचं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघून २४ सप्टेंबर २०१४ ला पोचलं. प्रवास म्हणजे काय हे खेळाडूंना सांगायला ते उदाहरण पुरेसं आहे.

निरोपाचा उशीर टेबलावर खरा करता येतो, आणि हा या जगाचा सर्वांत मोठा फायदा. पात्रांनी पृथ्वीला प्रश्न विचारला की तो चिठ्ठीवर लिहून घ्या, फोनवर टायमर लावा आणि खेळ पुढे न्या. ग्रह जवळ असतील तर सहा मिनिटं, लांब असतील तर चव्वेचाळीस. टायमर वाजला की उत्तर एका दमात वाचून दाखवा. मध्ये कुणी उलट प्रश्न केला तर ती नवी चिठ्ठी. ग्रह लांब असताना तीन तासांत अशा चारच फेऱ्या होतात, आणि तिसऱ्या फेरीपर्यंत खेळाडू पृथ्वीला विचारणं सोडून आपापसात निर्णय घ्यायला लागतात. इथे गेम मास्टरकडून हमखास होणारी चूक म्हणजे घाईच्या प्रसंगात उशीर विसरून पृथ्वीशी थेट संवाद सुरू करणं. एकदा तसं झालं की वसाहतीचं एकटेपण परत आणता येत नाही. याशिवाय मंगळ सूर्याच्या पलीकडे गेला की सुमारे दोन आठवडे संपर्क बंद असतो. तुमचं सर्वांत वाईट सेशन त्या दोन आठवड्यांत ठेवा.

आता हिशेब. एका माणसाला दिवसाला सुमारे ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो. चाळीस जणांना ३३.६ किलो. म्हणजे टाकीत एक टन असेल तर तीस दिवस. ऑक्सिजन बनवणारं यंत्र निम्म्या क्षमतेने चालत असेल तर साठ. असा एक आकडा टेबलाच्या मधोमध लिहून ठेवला की वेगळा खलनायक लागत नाही.

काही गोष्टी मात्र सर्रास चुकतात. मंगळावरचं वादळ यान पाडत नाही. तिथली हवा इतकी विरळ आहे की ताशी १०० किलोमीटरचा वारा पृथ्वीवरच्या ताशी १३ किलोमीटरच्या झुळुकीएवढाच ढकलतो. धोका धुळीचा. २०१८ च्या धुळीच्या वादळात सौर पॅनलवर चालणारी ऑपर्च्युनिटी गाडी कायमची बंद पडली. म्हणून वादळ आलं की वीज कमी करा, भिंती पाडू नका. गुरुत्व ०.३८ पट आहे. पन्नास किलोचं पोतं एकोणीस किलोसारखं उचललं जातं, पण ते घेऊन पळालात आणि थांबायला गेलात तर ते पन्नास किलोसारखंच पुढे ओढतं. मातीत पर्क्लोरेट हा विषारी क्षार असतो, धुतल्याशिवाय त्यात भाजी पिकवणं घातक. दिवस २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा, त्यामुळे साधारण ३६ दिवसांत पृथ्वीच्या मागे एक दिवस पडतो. मग दिवाळी कुणाच्या तारखेने, हा वाद वसाहतीत खराच होईल. एका सेशनची सोय झाली.

सत्ता कुणाकडे, याचं उत्तर परदेशी कंपन्यांच्या नावांत शोधण्याआधी बागलाणची फड पद्धत बघा. नदीवर बंधारा, खालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे, एका फडात एकच पीक, पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर हवालदार. आता बंधाऱ्याच्या जागी बर्फ वितळवणारी टाकी ठेवा आणि फडांच्या जागी शेतीचे चार बोगदे. प्रत्येक कुटुंबाचा थोडा वाटा चारही बोगद्यांत असेल तर पाणी तुटल्यावर एक बोगदा बंद करता येतो आणि झळ सगळ्यांना सारखी बसते. एखाद्या कुटुंबाचा सगळा वाटा एकाच बोगद्यात अडकवला, की भांडण उभं राहिलं.

रात्रपाळीचा जागल्या व्हॉल्व्हपाशी उभा आहे. हातमोज्यातून चाक नीट धरता येत नाही, मीटरचा काटा मंजूर रेषेच्या एक बोट वर आहे, आणि चाकाच्या दांड्यावर धूळ नाही, म्हणजे मघाशीच कुणीतरी ते फिरवलंय. खेळाडूंना एवढंच सांगा आणि गप्प बसा.

लघुग्रहांचा पट्टा

इथे निरोप आणि मदत या दोन्हींचे आकडे सतत बदलतात, कारण सगळं फिरतंय. गणिताची आवड असलेल्या गटाला यात फार मजा येते. बाकीच्यांसाठी गेम मास्टर कॅल्क्युलेटर होऊन बसतो.

आधी इंजिनाचं एकच गृहीतक लिहून टाका. सतत ०.०१ जी (१ जी म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाएवढा) जोर देणारं इंजिन असेल (अर्ध्या वाटेत वेग वाढवत, उरलेल्या अर्ध्यात कमी करत), तर पृथ्वी-सूर्य एवढं अंतर, म्हणजे १५ कोटी किलोमीटर, सुमारे २९ दिवसांत कापलं जातं. १ जी असेल तर तीन दिवसांच्या आत. जोर शंभरपट, वेळ फक्त दहापट कमी. मोह १ जीचाच होतो, पण त्याचे परिणाम बघा: त्या प्रवासात मध्यावर यानाचा वेग सेकंदाला १,२०० किलोमीटर असतो, आणि त्या वेगाने सुटलेला एक किलोचा दगड सुमारे १७५ टन टीएनटीएवढा स्फोट करतो. अशा जगात मालवाहू यानाचा परवाना म्हणजे अण्वस्त्राचा परवाना. हे जग उभं करायची तयारी नसेल तर ०.०१ जीवरच थांबा. आमचा कौलही त्यालाच, कारण महिन्याभराच्या प्रवासात पात्रांना एकमेकांशी बोलावंच लागतं.

यानात लपून बसणं जवळजवळ अशक्य. निर्वात पोकळीत उष्णता फक्त किरणांनीच बाहेर जाते. २७ अंशांवरचा एक चौरस मीटर पत्रा जास्तीत जास्त ४६० वॅट बाहेर टाकतो. एक मेगावॅट नको असलेली उष्णता घालवायला दोन्ही बाजू उघड्या असलेला सुमारे १,०९० चौरस मीटरचा पत्रा लागतो, म्हणजे आठ कबड्डीची मैदानं. पत्रा तापवला तर तो लहान करता येतो, पण तितकाच जास्त चमकतो. हा पत्रा यानाच्या चित्रात दिसला पाहिजे आणि लढाईत पहिला नेम त्यावरच धरला गेला पाहिजे.

फिरून गुरुत्व मिळवायचं तर मिनिटाला दोन फेऱ्या आणि २२४ मीटर त्रिज्या असेल तर पूर्ण १ जी मिळतं. चार फेऱ्या केल्या तर ५६ मीटर पुरतात, पण मान वळवली की भोवळ येते. पट्ट्यातल्या सर्वांत मोठ्या गोळ्यावर, सेरेसवर, गुरुत्व इतकं कमी की दीड मीटरवरून निसटलेला चहाचा कप जमिनीला टेकायला सव्वातीन सेकंद लागतात. ‘मी पकडतो’ म्हणणाऱ्या खेळाडूला तिथे डाइस टाकायला लावू नका. आणि दगडांच्या गर्दीतून यान वळणं घेत नेणं विसरा. दोन मोठ्या लघुग्रहांमध्ये सहसा लाखो किलोमीटर रिकामे असतात.

पट्ट्याचं अर्थकारण कळायला कसारा घाट पुरतो. ३७ फुटांना एक फूट चढ, म्हणून इगतपुरीपर्यंत गाडीला मागून बँकर इंजिन लागतं. पृथ्वीवरून कक्षेत जायला सेकंदाला सुमारे ९.४ किलोमीटर वेग मिळवण्याचा खर्च. तिथून मंगळाच्या वाटेला लागायला फक्त ३.६. घाट पृथ्वीचाच अवघड. म्हणून सेरेसचं बर्फ स्वस्त आणि पृथ्वीचं औषध महाग, आणि ज्याच्याकडे घाटाची गुरुकिल्ली तो दर ठरवतो.

चंद्र आणि दूरचे तारे

चंद्रावर निरोप १.३ सेकंदांत आणि मदत तीन दिवसांत पोचते, रात्र चौदा दिवसांची. दोन-तीन सेशनच्या छोट्या खेळाला आणि नव्या गेम मास्टरला उत्तम. सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षं लांब आहे. प्रकाशाच्या दहाव्या हिश्शाच्या वेगानेही ४२ वर्षं लागतात. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या यानाची कथा हवी असेल तरच तिकडे वळा.

मग काय घ्यावं?

सहा सेशनमध्ये संपवायचं असेल आणि गट नवा असेल, तर नाशिक. खेळाडू स्वतःहून आकडेमोड मागत असतील, तर पट्टा, पण प्रवासाच्या वेळांचा एक तक्ता आधी छापून ठेवा. वर्षभर चालवायचं असेल तर मंगळ, निःशंकपणे. तयारीही आवाक्यातली: चाळीस रहिवाशांची यादी, त्यातले बाराच जण नावानिशी, सहा खोल्यांचा नकाशा, आणि हवा, पाणी, वीज, अन्न, सुटे भाग असे पाच आकडे असलेलं एक कार्ड. पहिले चार आकडे सेशनच्या शेवटी बदला. सुट्या भागांचा मात्र खेळ चालू असताना, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खोडा. पहिल्या रविवारी तो आकडा दोन ठेवा, एक पंप बाद करा, आणि पुढची खिडकी उघडायला एकवीस महिने आहेत असं सांगा.